विश्लेषण : दोन किडन्यांपैकी कोणती किती काम करते? सीटी स्कॅनला हिशेब शिकवणारे हाऊन्सफिल्ड

आई मुलाला किडनी द्यायला तयार होते. रक्तगट जुळतो, कागदपत्रे होतात, समितीची परवानगी मिळते. मग डॉक्टरांसमोर एक प्रश्न उरतो : डावी काढायची की उजवी? जी जास्त काम करते ती आईकडेच राहायला हवी, असा या शस्त्रक्रियेचा नियम आहे. पण जास्त काम करणारी कोणती, हे कसे ठरवायचे? आज त्याचे उत्तर देण्यात सीटी स्कॅनचा मोठा वाटा आहे. हे यंत्र ज्यांनी घडवले ते सर गॉडफ्रे हाऊन्सफिल्ड डॉक्टर नव्हते आणि त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवीही नव्हती. किडनीचा आणि त्यांच्या यंत्राचा संबंध मात्र अगदी पहिल्या प्रयोगांपासूनचा आहे.

रक्ताच्या तपासणीतून हे का कळत नाही?

किडनीचे काम म्हटले की आपल्याला क्रिएटिनिन आठवते. रक्तात क्रिएटिनिन वाढले म्हणजे किडनी थकली, एवढे आता घरोघरी माहीत असते. पण हा आकडा दोन्ही किडन्यांचा मिळून असतो. एका घरात दोन कमावते असावेत आणि आपल्याला फक्त घराचे एकूण उत्पन्न कळावे, तसे. एकाची नोकरी सुटली आणि दुसऱ्याने जास्तीचे काम अंगावर घेतले, तर एकूण आकड्यात फारसा फरक दिसत नाही. मूतखड्याने एक किडनी वर्षानुवर्षे तुंबून निकामी झाली आहे आणि क्रिएटिनिन मात्र मर्यादेत, असे रुग्ण म्हणूनच सापडतात.

किडनीचे मुख्य काम गाळण्याचे. दोन्ही किडन्या मिळून निरोगी तरुण माणसात मिनिटाला साधारण १०० ते १२५ मिलिलिटर द्रव रक्तातून गाळतात. दिवसाचा हिशेब केला तर हा आकडा १८० लिटरच्या घरात जाऊ शकतो. त्यातला बहुतेक परत शोषला जातो आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर पडते. या गाळण्याच्या वेगाला डॉक्टर ‘जीएफआर’ म्हणतात. प्रत्येक किडनीचा वेगळा जीएफआर काढायचा तर शरीराच्या आत, त्या एका किडनीत काय चालले आहे हे पाहावे लागते. नुसते पाहूनही भागत नाही. ते मोजावे लागते. हाऊन्सफिल्ड यांची गोष्ट सुरू होते ती पाहणे आणि मोजणे यांतल्या फरकापासून.

हाऊन्सफिल्ड कोण होते?

इंग्लंडमधील नॉटिंगहॅमशायर परगण्यात, नेवार्क या गावाजवळ २८ ऑगस्ट १९१९ रोजी गॉडफ्रे यांचा जन्म झाला. पाच भावंडांतले ते शेंडेफळ. वडिलांची शेती होती आणि शेतावर यंत्रे होती. भावंडे आपापल्या खेळांत रमलेली असताना या मुलाला यंत्रे उघडून बघायचा नाद लागला. त्याने घरच्या घरी आवाज नोंदवणारे विजेचे यंत्र बनवले. गवताच्या गंजीवरून स्वतः बनवलेल्या ग्लायडरसह उडी मारली. डांबराच्या पिंपांत पाणी आणि अ‍ॅसिटिलीन वायू वापरून ती किती उंच उडतात, हेही करून पाहिले. या शेवटच्या प्रयोगातून तो धडधाकट वाचला, हे नशीबच.

शाळेत मात्र पदार्थविज्ञान आणि गणित सोडले तर त्याचे कशातच लक्ष नव्हते. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास तो हवाई दलात स्वयंसेवक म्हणून दाखल झाला. तिथे रेडिओ आणि रडार शिकला आणि पुढे तेच शिकवू लागला. क्रॅनवेलच्या रडार प्रशिक्षण शाळेत शिकवण्यासाठी त्याने मोठ्या पडद्याचा ऑसिलोस्कोप तयार केला. ते काम एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या नजरेत भरले. युद्धानंतर त्या अधिकाऱ्याच्या मदतीने शिष्यवृत्ती मिळाली आणि हाऊन्सफिल्ड यांनी लंडनच्या फॅरेडे हाऊस या विद्युत अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदविका घेतली. त्यांचे औपचारिक शिक्षण इथेच संपले.

रडारचा अनुभव पुढे फार उपयोगी पडला असावा. रडारवाल्याला समोरचे विमान दिसत नसते. परत आलेल्या लहरींच्या मोजमापावरून ते कुठे आहे हे त्याला काढावे लागते.

गाण्यांच्या कंपनीत ते काय करत होते?

१९५१ मध्ये हाऊन्सफिल्ड ईएमआय या कंपनीत रुजू झाले. आज ईएमआय म्हटले की कर्जाचा हप्ता आठवतो. ही ईएमआय म्हणजे ‘इलेक्ट्रिक अँड म्युझिकल इंडस्ट्रीज’. भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेली एचएमव्हीची तबकडी ज्या मराठी घरांत वाजली, त्या घरांची या कंपनीशी जुनी ओळख आहे. एचएमव्ही हा तिचाच शिक्का. पण ईएमआय केवळ गाणी विकत नव्हती. रडार, क्षेपणास्त्रांची उपकरणे आणि संगणक हेही तिचे उद्योग होते.

हाऊन्सफिल्ड यांच्या नेतृत्वाखाली १९५८ च्या सुमारास ‘ईएमआयडेक ११००’ हा संगणक आकाराला आला. संपूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा ब्रिटनमधला हा पहिला व्यापारी संगणक. त्यानंतर त्यांनी संगणकाच्या स्मृतीसाठी एक महत्त्वाकांक्षी प्रकल्प हाती घेतला. तो व्यवहारात परवडणार नाही असे दिसल्यावर कंपनीने गुंडाळला. अशा वेळी नोकरदाराला बहुधा दुसऱ्या विभागात ढकलले जाते. हाऊन्सफिल्ड यांना मात्र थोडा वेळ देण्यात आला. आता कशावर काम करायचे, याचा विचार त्यांनीच करून यावा, असे ठरले.

बीटल्सच्या गाण्यांतून आलेल्या पैशावर सीटी स्कॅन तयार झाला, अशी एक गोड कथा सांगितली जाते. बीटल्स ईएमआयचे कलाकार होते आणि कंपनी तेव्हा जोरात होती, एवढे खरे. पण यंत्राच्या विकासासाठी ब्रिटिश सरकारच्या आरोग्य खात्याने घातलेला पैसा कंपनीच्या वाट्यापेक्षा कितीतरी जास्त होता, हे नंतरच्या हिशेबांतून पुढे आले आहे. सर्वसामान्य करदात्याचे श्रेय गायकांना देऊन टाकणे बरे नव्हे.

बंद खोक्यात काय आहे, हे कसे कळते?

१९६७ मध्ये हाऊन्सफिल्ड यांच्या डोक्यात एक कल्पना घोळू लागली. त्यांना दूरवर पायी भटकण्याची आवड होती आणि ही कल्पनाही अशाच एका भटकंतीत सुचली, असे सांगतात. एक बंद खोके आहे. ते उघडायचे नाही. पण सगळ्या कोनांतून त्यातून किरण आरपार सोडले आणि प्रत्येक वेळी किती किरण अडले हे मोजले, तर आत कुठे काय आहे ते काढता येईल का?

कागदावर चार चौकटी काढून पाहा, वर दोन आणि खाली दोन. प्रत्येकीत एक आकडा लपला आहे. वरच्या ओळीची बेरीज ७, खालच्या ओळीची ९. डाव्या स्तंभाची ६, उजव्याची १०. एवढ्यावर उत्तर सापडत नाही, कारण अनेक उत्तरे बसतात. पण वरची डावी आणि खालची उजवी चौकट जोडणारी तिरकी बेरीज ७ आहे असे कळले, की एकच उत्तर उरते : वर २ आणि ५, खाली ४ आणि ५. एक जादा कोन मिळाला आणि कोडे सुटले. सीटी स्कॅनचे गणित हेच, फक्त चौकटी हजारोंनी जास्त. हाऊन्सफिल्ड यांच्या पहिल्या यंत्रात डोक्याचा एक छेद ८० गुणिले ८० म्हणजे ६,४०० चौकटींत विभागला जाई. तो सोडवण्यासाठी एकेक अंश फिरत १८० कोनांतून, दर कोनाला १६०, अशी २८,८०० मोजमापे घेतली जात.

हे गणित ऑस्ट्रियाच्या योहान राडॉन यांनी १९१७ मध्येच सोडवून ठेवले होते. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले पदार्थवैज्ञानिक अ‍ॅलन कॉरमॅक यांनी १९६३ आणि १९६४ मध्ये ते क्ष-किरणांसाठी पुन्हा मांडले. त्यांच्या लेखांकडे जवळजवळ कोणी वळून पाहिले नाही. हाऊन्सफिल्ड यांना यातले काहीच माहीत नव्हते. त्यांनी आपल्या पद्धतीने, संगणकवाल्याच्या रीतीने, वाट काढली.

साध्या एक्स-रेत त्यांना काय खटकत होते, हे समजून घेतले की पुढचे सगळे सोपे होते. एक्स-रे फिल्मवर पोटातले सगळे काही एकावर एक पडते : मणका, आतडी, त्यांतला वायू आणि मागे दडलेली किडनी. फिल्म काळी-पांढरी छटा दाखवते, पण किरण नेमके किती अडले, हे ती अचूक सांगत नाही. किडनीसाठी तेव्हा आयव्हीपी ही तपासणी होती. शिरेतून आयोडीनयुक्त औषध द्यायचे आणि ठरावीक वेळाने एक्स-रे काढत राहायचे. एक किडनी उशिरा उजळली तर ती मंद काम करते, असा अंदाज बांधायचा. अनुभवी डॉक्टरांचा हा अंदाज अनेकदा बरोबर येई, तरी तो अंदाजच. हाऊन्सफिल्ड यांनी फिल्म काढून टाकली. तिच्या जागी त्यांनी किरण मोजणारा स्फटिक बसवला.

बैलाचा मेंदू आणि डुकराची किडनी कशासाठी?

पहिला सांगाडा एका जुन्या लेथ मशीनच्या पाट्यावर उभा राहिला. क्ष-किरणांऐवजी अमेरिशियमचा गॅमा किरण देणारा तुकडा वापरला होता. तो इतका मंद, की एका छेदाची मोजमापे पुरी व्हायला नऊ दिवस लागले. नंतर मोठ्या संगणकाला गणित सोडवायला अडीच तास. क्ष-किरणांची नळी बसवल्यावर नऊ दिवसांचे नऊ तास झाले.

चाचणीसाठी आधी रसायनात जतन केलेला माणसाचा मेंदू वापरला. चित्र उत्तम आले, पण शंका राहिली, कारण जतन करण्याच्या रसायनाने मेंदूतला फरक जास्तच ठळक केला होता. मग ताजे बैलाचे मेंदू आणले. सार्वजनिक वाहनांतून बैलाचे मेंदू घेऊन लंडनभर प्रवास करावा लागला, ही आठवण पुढे त्यांच्या चरित्रात कायमची जाऊन बसली. शेजारी बसलेल्या प्रवाशांना पिशवीत काय आहे ते कळले नसेल, अशी आशा करू या.

त्याच काळात डुकराच्या शरीराचे, किडनीच्या भागातून जाणारे छेदही तपासले गेले. म्हणजे या यंत्राने पाहिलेल्या अगदी सुरुवातीच्या अवयवांत किडनी होती. पोटातले मऊ अवयव वेगवेगळे ओळखू येतात, हे त्यातून दिसले. यंत्र कधीतरी डोक्यापुरते न राहता सगळ्या शरीरासाठी वापरता येईल, अशी आशा निर्माण झाली.

पहिला रुग्ण मात्र मेंदूचाच. लंडनच्या विम्बल्डन भागातील अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात, १ ऑक्टोबर १९७१ रोजी, डॉ. जेम्स अँब्रोझ यांच्या देखरेखीखाली एका महिलेच्या डोक्याचा स्कॅन झाला. कपाळामागच्या भागात गाठ असल्याचा संशय होता. मोजमापांची टेप संगणकाकडे गेली, चित्र परत आले आणि त्यात गाठ स्वच्छ दिसली. कवटी न उघडता मेंदूच्या आतले दिसण्याची ती सुरुवात होती. एप्रिल १९७२ मध्ये हे जगासमोर जाहीर झाले.

‘एचयू’ म्हणजे काय?

सीटीचे चित्र आपल्याला करड्या छटांचे दिसते. पण त्यातला प्रत्येक ठिपका मुळात एक आकडा असतो. पाण्याला शून्य धरायचे, हवेला उणे १,०००, आणि बाकी सगळे त्या मोजपट्टीवर बसवायचे. चरबी साधारण उणे १००, मऊ अवयव अधिक ३० ते ६०, घट्ट हाड हजारच्या आसपास किंवा वर. औषध देण्यापूर्वी किडनी तिसाच्या आगेमागे असते. या मोजपट्टीच्या एककाला आज हाऊन्सफिल्ड युनिट म्हणतात, आणि रिपोर्टमध्ये ते ‘एचयू’ असे लिहिलेले असते.

याचा किडनीला उपयोग काय? आयोडीन क्ष-किरण जोरात अडवते. जिथे आयोडीन पोहोचते तिथला आकडा वाढतो, आणि तो आयोडीनच्या प्रमाणातच वाढतो. नेहमीच्या १२० किलोव्होल्टच्या स्कॅनमध्ये मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅम आयोडीन वाढले की आकडा साधारण २५ ने चढतो. म्हणजे किडनीत किती आयोडीन जमले हे चित्रावरून मोजता येते. आयव्हीपीत जे नुसते उजळताना दिसत होते, त्याला आता माप मिळाले.

मग लगेच किडनी का मोजता आली नाही?

श्वासामुळे. पहिल्या यंत्राला एका फेरीसाठी साडेचार मिनिटे लागत. डोके रबरी टोपीत, पाण्याच्या पेटीत घट्ट धरून ठेवता येते. किडनी तशी धरता येत नाही. प्रत्येक श्वासाबरोबर ती दोन-तीन सेंटिमीटर खाली-वर सरकते. साडेचार मिनिटे श्वास रोखणे कोणालाच शक्य नाही. अमेरिकेत रॉबर्ट लेडली यांनी पूर्ण शरीराचा स्कॅनर आधी उभा केला. १९७५ मध्ये हाऊन्सफिल्ड यांचाही आला आणि त्यात एक छेद सुमारे वीस सेकंदांत होऊ लागला. एका श्वासाची ही मुदत. चित्र आले, पण किडनीतून औषध वाहत जाताना एकामागून एक मोजमापे घ्यायची तर आणखी वेग हवा होता. तो यायला आणखी दीड-दोन दशके गेली.

दरम्यान १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल हाऊन्सफिल्ड आणि कॉरमॅक यांना विभागून जाहीर झाले. दोघांपैकी कोणीही डॉक्टर नव्हते आणि दोघांकडेही पीएचडी नव्हती. दोघांनी एकत्र कधी काम केले नव्हते. ज्या कंपनीने हे यंत्र जगाला दिले तिला मात्र या धंद्यात टिकता आले नाही. अमेरिकी, जर्मन आणि जपानी कंपन्या पुढे गेल्या, ईएमआय मागे पडली. हाऊन्सफिल्ड यांना १९८१ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. त्यांनी लग्न केले नाही. राहणी साधी, हौस म्हणाल तर डोंगरवाटा तुडवणे आणि पियानो. १९८६ मध्ये ते निवृत्त झाले आणि १२ ऑगस्ट २००४ रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

एकेका किडनीचा हिशेब कसा होतो?

१९३०च्या दशकात अमेरिकेतील होमर स्मिथ आणि इतरांनी गाळण्याचा वेग मोजण्यासाठी इन्युलिन हा पदार्थ वापरात आणला. त्याचे वैशिष्ट्य असे, की किडनी तो फक्त गाळते, परत शोषत नाही आणि वेगळा स्रवतही नाही. म्हणून तो जेवढा गेला तेवढे गाळले, असा सरळ हिशेब होतो. सीटीसाठी शिरेतून दिले जाणारे आयोडीनयुक्त औषध जवळजवळ तसेच वागते. म्हणजे स्कॅनसाठी दिलेले औषध हेच मोजमापाचे साधनही ठरू शकते.

औषध दिल्यावर ते आधी महाधमनीत दिसते, मग किडनीच्या बाहेरच्या थरात, मग आतल्या भागात. सुमारे दोन मिनिटांच्या आत गाळलेले औषध अजून किडनीतच असते, मूत्रनलिकेत उतरलेले नसते. या वेळेत किडनीत जमलेले आयोडीन मोजायचे आणि तेवढ्या वेळात महाधमनीतून किती आयोडीन किडनीसमोरून गेले तेही मोजायचे. दोघांच्या गुणोत्तरावरून किडनी मिनिटाला किती गाळते हे निघते. किडनीत दिसणारे सगळे आयोडीन गाळलेले नसते. काही तिच्या रक्तवाहिन्यांतच फिरत असते. ते वजा करण्यासाठी पॅटलॅक यांच्या नावाचा आलेख वापरतात. मेंदूच्या अभ्यासासाठी १९८३ मध्ये मांडलेला हा आलेख पुढे किडनीच्या सीटीला लावला गेला. औषध रक्तातील पेशींमध्ये शिरत नाही, फक्त द्रवात राहते, म्हणून रक्तातल्या पेशींचे प्रमाणही हिशेबात घ्यावे लागते.

केवळ दोन किडन्यांची वाटणी काढायची असेल तर गणित सोपे आहे. समजा, डाव्या किडनीचे आकारमान १६० मिलिलिटर आणि औषधानंतर तिचा सरासरी आकडा १२० एचयूने चढला. उजवी १४० मिलिलिटर आणि चढ ११० चा. गुणाकार केले तर डावीचे १९,२०० आणि उजवीचे १५,४०० येतात. एकूण ३४,६००. म्हणजे डावी सुमारे ५५.५ टक्के काम करते आणि उजवी ४४.५ टक्के. दोघींचा मिळून जीएफआर ९० असेल तर डावीचा ५० आणि उजवीचा ४०. (हे आकडे समजण्यापुरते आहेत. प्रत्यक्षात वर सांगितलेल्या वजाबाक्या कराव्या लागतात.) त्याहूनही सोपी रीत म्हणजे नुसत्या आकारमानाची, विशेषतः गाळणी ज्या बाहेरच्या थरात असते त्याच्या आकारमानाची तुलना. निरोगी दात्यांमध्ये तीही बऱ्यापैकी जुळते.

या उदाहरणातल्या दात्याचे काय होईल? शस्त्रक्रिया करणाऱ्यांना साधारणतः डावी किडनी काढणे सोयीचे असते. तिची शीर लांब असते, त्यामुळे दुसऱ्या शरीरात जोडायला सोपी जाते. पण इथे डावी जास्त काम करते आहे. फरक १० टक्क्यांहून अधिक असेल तर सहसा कमकुवत किडनी काढण्याकडे कल असतो. म्हणजे सोय बाजूला ठेवून उजवी काढायची आणि चांगली दात्याकडे ठेवायची. भारतात जिवंत दात्यांमध्ये बहुसंख्य स्त्रिया असतात : आई, पत्नी, बहीण. घरातल्या ओढीपोटी पुढे आलेली ही स्त्री स्वतःच्या उरलेल्या किडनीबद्दल फारसे विचारत नाही. विचारायची वेळ येऊ नये, यासाठी हा आकडा आधीच कागदावर यायला हवा.

दात्यांखेरीजही उपयोग आहे. खड्याने तुंबलेली किडनी वाचवायची की काढायची, हे ठरवताना तिचा वाटा बघतात. तो साधारण १० टक्क्यांच्या खाली गेला असेल तर काढून टाकण्याचा विचार होतो. किडनीतील गाठ काढताना अर्धी किडनी ठेवता येईल का, दुसरी किडनी भार उचलेल का, हेही त्यावरूनच ठरते.

डीटीपीए स्कॅन असताना सीटी कशाला?

आजही एकेका किडनीचे काम मोजण्याची नेहमीची तपासणी म्हणजे डीटीपीए स्कॅन. त्यात टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याची अल्प मात्रा देऊन गॅमा कॅमेऱ्याने किडन्यांवर लक्ष ठेवतात. किरणांचा डोस कमी असतो आणि आयोडीन लागत नाही. ज्यांच्या किडन्या आधीच कमकुवत आहेत, त्यांना आयोडीनयुक्त औषधाने धोका वाढू शकतो. त्यांच्यासाठी तोच मार्ग बरा. केवळ काम मोजायचे म्हणून कोणाचाही मुद्दाम सीटी करू नये, कारण त्यात किरणांचा डोस बराच जास्त पडतो.

दात्याची गोष्ट वेगळी. त्याची सीटी अँजिओग्राफी तशीही करावीच लागते. प्रत्येक किडनीला रक्तवाहिन्या किती, त्या कुठून फुटतात, खडा आहे का, हे शस्त्रक्रियेआधी माहीत असणे गरजेचे असते. त्याच चित्रांतून आकारमान आणि आयोडीनचे माप काढले तर वाटणीचा आकडा जादा सुई, जादा दिवस आणि जादा किरणांशिवाय मिळतो. शिवाय गॅमा कॅमेऱ्याच्या चित्रात किडनीची खोली आणि मागेपुढे असलेले अवयव यांमुळे चूक होऊ शकते. सीटीत किडनी छेद-छेद करून मोजली जाते. मात्र तुंबलेल्या किडनीत औषध उशिरा शिरते. तिथे दोन मिनिटांचा हिशेब बिघडतो आणि सीटीचा आकडा जपूनच वाचावा लागतो. यंत्राचा व्होल्टेज बदलला की त्याच आयोडीनचा एचयू बदलतो, हेही तंत्रज्ञाला ध्यानात ठेवावे लागते.

आता क्ष-किरणांचा एकेक फोटॉन स्वतंत्रपणे मोजणारी सीटी यंत्रे आली आहेत. अशा पहिल्या यंत्राला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. त्यांत आयोडीनचे प्रमाण आणखी नेमके काढता येते. लेथ मशीनच्या पाट्यावरच्या पहिल्या सांगाड्यात, अमेरिशियमच्या तुकड्यासमोर बसवलेला हाऊन्सफिल्ड यांचा स्फटिकही किरणांचे कण असेच मोजत होता. फक्त तेव्हा एका छेदाला नऊ दिवस लागत.

किडनीदात्याच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक किडनीची लांबी, आकारमान आणि रक्तवाहिन्यांची संख्या बहुधा लिहिलेली असते. कामाची वाटणी कधी त्यातच असते, कधी डीटीपीएच्या वेगळ्या कागदावर. ती कुठेच नसेल आणि दोन किडन्यांच्या आकारात फरक दिसत असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख ठरण्याआधी दात्याने किंवा नातेवाइकांनी डॉक्टरांना ती विचारून घ्यावी.